आज्ञावलीतील फेरफार : मसुदा यंत्राचा, प्रमाणन माणसाचे

यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस हे तालुक्याचे ठिकाण. कापूस, सोयाबीन आणि तूर या पिकांवर येथील शेतकऱ्यांचा प्रपंच चालतो. खरिपाच्या तोंडावर पीककर्जासाठी सातबाराचा उतारा लागला की येथील शेतकऱ्याची नजर आता दफ्तराच्या कपाटाकडे नव्हे, तर संगणकाच्या पडद्याकडे वळते. राज्यात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या योजनेत आपल्या शेतातील पिकाची नोंद शेतकऱ्यास स्वतःच्या मोबाइलवरून करता येऊ लागली. शाळांचे प्रवेश, शिष्यवृत्तीचे अर्ज, ग्रामपंचायतीचे दाखले या सर्वच कामांत कागदाची जागा पडद्याने घेतली आहे. त्याबरोबरच कागदावरील चुकांच्या जोडीला एक नवी चूक आली आहे. ती म्हणजे आज्ञावलीतील, अर्थात सॉफ्टवेअरमधील, दोष.

लेखणीची चूक एका उताऱ्यापुरती असते. आज्ञावलीतील चूक मात्र त्या आज्ञावलीवर चालणाऱ्या प्रत्येक कार्यालयात एकाच वेळी प्रकट होते. तिची दुरुस्तीही एका ठिकाणी झाली की सर्वत्र पोचते, ही त्यातील जमेची बाजू होय. हे दुरुस्तीचे काम पूर्वी केवळ प्रशिक्षित माणसेच करीत असत. २०२३ नंतरच्या काळात मात्र कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे असे साधन पुढे आले, की जे लेखी तक्रार वाचते, आज्ञावलीतील दोष शोधते आणि दुरुस्तीचा मसुदा तयार करून माणसापुढे ठेवते. या साधनास 'एजंट' असे म्हणतात. ते काम कसे करते, त्यावर किती विसंबावे आणि तालुक्याच्या ठिकाणी बसून ही सेवा वापरणाऱ्यांचा त्यात वाटा कोणता, याचा विचार येथे केला आहे.

आज्ञावलीचे दफ्तर

कोणतीही मोठी आज्ञावली म्हणजे हजारो ओळींच्या अनेक फायली असतात. या फायली आणि त्यांत वेळोवेळी झालेल्या बदलांचा संपूर्ण इतिहास ज्या ठिकाणी जतन केला जातो, त्यास 'रिपॉझिटरी' म्हणतात. आपल्या परिचयाच्या शब्दांत ते त्या आज्ञावलीचे दफ्तर होय. कोणती ओळ कोणी, केव्हा आणि कशासाठी बदलली, हे त्यात कायम राहते. असे दफ्तर ठेवण्याची 'गिट' ही पद्धत लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्माण केली. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'गिटहब' या सेवेमुळे अशी दफ्तरे जगभरच्या लोकांना एकत्र हाताळता येऊ लागली.

शासकीय आज्ञावलींचा मूळ मजकूर खुला करून सहकार्याने विकास साधावा, असे धोरण केंद्र शासनाने २०१५ मध्ये जाहीर केले. त्यासाठी 'ओपनफोर्ज' हे व्यासपीठही उभारण्यात आले. कोविडच्या साथीत 'आरोग्य सेतू' या ॲपच्या अँड्रॉइड आवृत्तीचा मूळ मजकूर २६ मे २०२० रोजी सर्वांसाठी खुला करण्यात आला. अशा खुल्या दफ्तराचा मुख्य लाभ असा, की दोष कोणासही दाखवून देता येतो.

दोष दाखविणाऱ्या लेखी नोंदीस 'इश्यू' म्हणतात. ही तक्रार-नोंद होय. दोष दूर करण्यासाठी सुचविलेला बदल 'पुल रिक्वेस्ट' या नावाने, म्हणजे विलीनीकरणाचा प्रस्ताव म्हणून, दाखल होतो. जबाबदार व्यक्ती तो तपासते व मान्य करते, तेव्हाच तो मूळ आज्ञावलीत समाविष्ट होतो.

ही पद्धत महसुली कामकाजाशी परिचय असलेल्यांना नवी वाटणार नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० अन्वये तलाठी फेरफाराची नोंद गाव नमुना सहामध्ये घेतो. ती चावडीवर प्रसिद्ध होते, हितसंबंधितांना कळविली जाते आणि हरकत आल्यास विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत दाखल होते. सक्षम अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यानंतरच तिचा अंमल होतो. नोंद लिहिणारा आणि ती प्रमाणित करणारा, हे दोन वेगळे असले पाहिजेत, हे या व्यवस्थेचे मर्म आहे. आज्ञावलीच्या दफ्तरातही तेच मर्म आहे. एजंटाच्या आगमनाने त्यात बदल झाला तो इतकाच, की मसुदा लिहिणारा आता यंत्र असू शकतो.

एका अक्षराचा प्रश्न

हे काम प्रत्यक्षात कसे घडते, हे समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. ते केवळ विषय स्पष्ट करण्यासाठी कल्पिलेले असून कोणत्याही विशिष्ट शासकीय प्रणालीविषयी नाही. त्यातील अक्षराची अडचण मात्र खरी आहे.

दिग्रसच्या एखाद्या सेवा केंद्रात 'वऱ्हाडे' या आडनावाचा शेतकरी आपली नोंद शोधण्यास आला आहे, असे समजू. केंद्रचालक आडनाव टंकलिखित करतो आणि पडद्यावर 'नोंद आढळली नाही' असे उत्तर येते. वास्तविक नोंद आहे. शोधलेले नाव आणि साठविलेले नाव डोळ्यांना अगदी सारखे दिसते. तरीही संगणकाच्या दृष्टीने ती दोन नावे आहेत.

याचे कारण मराठीच्या अर्ध्या ऱ मध्ये आहे. 'वऱ्हाड', 'दऱ्या', 'सुऱ्या' या शब्दांतील हे अक्षर युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत एकाहून अधिक प्रकारे लिहिता येते. पहिल्या प्रकारात 'ऱ' या स्वतंत्र वर्णापुढे हलन्त चिन्ह येते. दुसऱ्यात साध्या 'र' खाली नुक्ता आणि त्यापुढे हलन्त येते. तिसऱ्या प्रकारात साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे 'झीरो विड्थ जॉइनर' हे अदृश्य जोडचिन्ह येते. इनस्क्रिप्ट कळफलकावर 'ऱ' साठी स्वतंत्र कळ आहे, तर काही अन्य टंकलेखन-साधने अदृश्य जोडचिन्हाचा मार्ग घेतात. एका कार्यालयात एका साधनाने नाव टंकलिखित झाले आणि दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या साधनाने शोधले गेले, तर संगणकास ती नावे भिन्न वाटणे स्वाभाविक आहे. परिणामी शेतकरी मात्र रिकाम्या हाती परततो.

एजंटाची कार्यपद्धती

आता ही तक्रार आज्ञावलीच्या दफ्तरात नोंदविली गेली आणि ती एजंटाकडे सोपविली, असे मानू. एजंटाच्या केंद्रस्थानी एक भाषा-प्रतिमान असते. प्रचंड प्रमाणात मजकूर व आज्ञावली यांच्या आधारे ते प्रशिक्षित केलेले असते आणि दिलेल्या संदर्भात पुढे कोणता मजकूर यावा, हे ठरविण्याची क्षमता त्यात असते. केवळ प्रतिमान म्हणजे एजंट नव्हे. त्यास फाइल उघडणे, दफ्तरात शब्द शोधणे, ओळ बदलणे व आज्ञावली चालवून पाहणे ही साधने दिली, की ते एजंट होते. एखादी कृती करावी, तिचा परिणाम वाचावा आणि त्यावरून पुढील कृती ठरवावी, असे हे चक्र असते.

प्रथम मूळ दफ्तराची एक प्रत वेगळ्या, बंदिस्त संगणकीय जागेत घेतली जाते. तेथे काही बिघडले तरी चालू सेवेस धक्का लागत नाही. त्यानंतर एजंट तक्रार वाचतो आणि नाव शोधण्याचे काम कोणत्या फाइलमध्ये होते, याचा माग काढतो. मग तो दोष पुन्हा घडवून पाहतो. 'वऱ्हाडे' हे नाव दोन प्रकारे लिहून त्यांची तुलना फसते की नाही, हे तपासतो. दोष हाती लागल्यावर तो संबंधित ओळी बदलतो. शेवटी आज्ञावलीसोबत असलेल्या सर्व चाचण्या चालवितो, जेणेकरून एक जागा दुरुस्त करताना दुसरी बिघडलेली नाही, हे दिसावे. चाचणी फसल्यास तो पुन्हा मसुद्याकडे वळतो. हे सर्व पार पडले, की आपण काय बदलले व का बदलले, याच्या टिपणासह तो विलीनीकरणाचा प्रस्ताव दाखल करतो. साध्या दोषाच्या बाबतीत हे काम काही मिनिटांत होऊ शकते.

अपुरी आणि पुरी दुरुस्ती

परंतु प्रस्ताव दाखल झाला म्हणजे प्रश्न सुटला, असे नाही. वरील उदाहरणात एजंट तीन प्रकारचे मसुदे देऊ शकेल.

पहिला मसुदा युनिकोडच्या ठरलेल्या प्रमाणीकरण-नियमाचा आश्रय घेईल. त्या नियमानुसार नुक्ता असलेला 'र' आणि स्वतंत्र 'ऱ' एकच मानले जातात. मात्र अदृश्य जोडचिन्हाचा प्रकार त्या नियमात येत नाही. चाचणीत फक्त पहिले दोन प्रकार घातलेले असतील, तर ती उत्तीर्ण होईल, दोष दूर झाल्याची नोंदही होईल आणि तिसऱ्या प्रकारे टंकलिखित झालेले नाव पूर्वीसारखेच हरवलेले राहील.

दुसरा मसुदा सर्व अदृश्य चिन्हे सरसकट काढून टाकील. हा उपाय दिसण्यास सोपा, पण मराठीस घातक आहे. जोडचिन्ह काढताच 'ऱ्' चा रफार होतो. 'वऱ्हाड' चे 'वर्हाड' होते, 'दऱ्या' चा 'दर्या' होतो. 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' या दोन शब्दांतील भेद प्रत्येक मराठी शिक्षक वर्गात समजावून सांगतो. पहिल्यातील माणूस स्वयंपाकघरात असतो, दुसऱ्यातील व्यासपीठावर. हा भेद पुसणारी दुरुस्ती ही दुरुस्ती नव्हे, तो नवा दोष होय.

तिसरा मसुदा 'र', हलन्त व जोडचिन्ह ही मालिका ओळखून तुलनेपुरते तिचे रूपांतर 'ऱ' व हलन्त यांत करील. साठविलेली मूळ नोंद तो बदलणार नाही आणि तीनही प्रकार तपासणारी चाचणी सोबत जोडील. 'दऱ्या' व 'दर्या' वेगळेच राहतात, याचीही चाचणी त्यात असेल. हीच योग्य दुरुस्ती होय.

या तीन मसुद्यांतून निवड करण्यासाठी संगणकशास्त्राइतकेच मराठीचे ज्ञान आवश्यक आहे. तक्रारीत तीनही प्रकारांचा उल्लेख असेल, तर एजंट तिसऱ्या मसुद्यापर्यंत पोचण्याचा संभव पुष्कळ वाढतो. तक्रारीत केवळ 'नाव सापडत नाही' एवढेच लिहिले असेल, तर तो आपल्या तर्काने रिकाम्या जागा भरील.

क्षमतेचे मोजमाप

अशा साधनांची क्षमता मोजण्याचे पद्धतशीर प्रयत्न झाले आहेत. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये 'एस.डब्ल्यू.ई. बेंच' हा कसोटी-संच तयार केला. पायथन भाषेतील १२ खुल्या प्रकल्पांमधून प्रत्यक्ष नोंदविलेल्या २,२९४ तक्रारी त्यात घेतल्या होत्या. त्या वेळच्या सर्वोत्तम प्रतिमानास त्यांपैकी अवघ्या १.९६ टक्के तक्रारी सोडविता आल्या. २०२४ मध्ये त्याच विद्यापीठात तयार झालेल्या 'एस.डब्ल्यू.ई. एजंट' या साधनाने हे प्रमाण सुमारे साडेबारा टक्क्यांवर नेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माणसांनी तपासून निवडलेल्या ५०० तक्रारींचा वेगळा संच प्रसिद्ध झाला आणि २०२५ मध्ये या संचावर आघाडीच्या साधनांनी ७० टक्क्यांचा टप्पा ओलांडला. दोन्ही संच वेगळे असल्याने या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. तथापि प्रगतीचा वेग त्यांवरून ध्यानात येतो.

५०० तक्रारींचा संच निवडताना आढळलेली एक गोष्ट अधिक उद्बोधक आहे. त्यासाठी १,६९९ तक्रारी अनुभवी आज्ञावलीकारांकडून तपासून घेण्यात आल्या. त्यांपैकी ३८.३ टक्के तक्रारी अपुऱ्या स्पष्टतेने लिहिलेल्या होत्या, तर ६१.१ टक्के तक्रारींच्या चाचण्या योग्य उत्तरासही चूक ठरवू शकतील अशा होत्या. याचा अर्थ असा, की तक्रारीचा मजकूर आणि तपासणीचा निकष या दोन बाबींकडे माणसांचेच दुर्लक्ष पुष्कळ प्रमाणात झालेले होते.

वेळेच्या बचतीविषयीही सावधपणे बोलणे इष्ट. 'मेटर' या संस्थेने जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १६ अनुभवी आज्ञावलीकारांनी २४६ कामे केली. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरण्यास मुभा असलेल्या कामांस १९ टक्के अधिक वेळ लागला. आपला वेळ सुमारे २० टक्के वाचला, असे मात्र त्यांना वाटत होते. अभ्यास लहान होता आणि साधने २०२५ च्या आरंभीची होती. तरीही, काम लवकर झाल्याची भावना आणि काम खरोखर लवकर होणे, यांत अंतर असू शकते, हा बोध त्यातून घेण्यासारखा आहे.

प्रमाणन माणसाचेच का

मे २०२५ मध्ये गिटहबने तक्रार-नोंद एखाद्या कर्मचाऱ्याकडे सोपवावी तशी एजंटाकडे सोपविण्याची सोय जाहीर केली. तेथेही एजंटाचा प्रस्ताव माणसाच्या मान्यतेविना विलीन होऊ नये, अशी रचना ठेवण्यात आली. तिची कारणे समजून घेतली पाहिजेत.

पहिले कारण असे, की एजंटाचे यश चाचणीने ठरते आणि चाचणी उत्तीर्ण होणे म्हणजे प्रश्न सुटणे नव्हे. दोष दूर करण्याऐवजी चाचणीच बदलून ती उत्तीर्ण करून दाखविण्याची प्रवृत्ती अशा साधनांत आढळली आहे. यास्तव तपासणाऱ्याने चाचण्यांत झालेला बदल प्रथम पाहावा.

दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे. तक्रार कोणीही लिहू शकतो आणि एजंट ती सूचना म्हणूनच वाचतो. एखाद्या दुष्ट हेतूच्या व्यक्तीने तक्रारीच्या मजकुरात छुपा आदेश दडविला, तर एजंट त्याचेही पालन करण्याचा धोका संभवतो. म्हणून त्यास मर्यादित अधिकार द्यावेत आणि प्रत्यक्ष चालू सेवेच्या किल्ल्या त्याच्या हाती देऊ नयेत.

तिसरे कारण नागरिकांच्या खासगी माहितीचे आहे. दोष दाखविण्याच्या ओघात खऱ्या व्यक्तीचे नाव, आधार क्रमांक किंवा उताऱ्याचे छायाचित्र तक्रारीस जोडले, तर ते खुल्या दफ्तरात जगापुढे जाते. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये कायदा केला आहे. त्याचा हेतू लक्षात घेता तक्रारीत नेहमी कल्पित नाव व कल्पित क्रमांकच वापरणे योग्य.

चौथे कारण जबाबदारीचे होय. चुकीच्या दुरुस्तीमुळे एखाद्याची नोंद दिसेनाशी झाली, तर त्याचे उत्तर यंत्र देऊ शकत नाही. प्रस्तावास मान्यता देणाऱ्या माणसाची सही दफ्तरात राहते आणि विचारणाही त्याच्याकडेच होते.

तक्रार लिहिण्याचे शास्त्र

आज्ञावली बनविणारे पुण्यात, बंगळुरूत वा परदेशात असतील. ती वापरताना अडखळणारा माणूस मात्र दिग्रसमध्ये, एखाद्या शाळेच्या कार्यालयात वा ग्रामपंचायतीच्या खोलीत बसलेला असतो. दोषाचा पहिला साक्षीदार तोच असतो. खुल्या दफ्तरात प्रत्येकास तक्रार नोंदविता येते; अन्य प्रणालींच्या बाबतीत ती वरिष्ठ कार्यालयामार्फत वा मदतकक्षाकडे जाते. मार्ग कोणताही असला, तरी चांगल्या तक्रारीची लक्षणे सारखीच आहेत.

काय करावयाचे होते, कोणत्या क्रमाने काय केले, काय होणे अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय झाले, या चार गोष्टी तक्रारीत स्वतंत्रपणे लिहाव्यात. पडद्यावरील संदेश जसाच्या तसा उतरावा. कोणता संगणक वा मोबाइल, कोणता कळफलक आणि आज्ञावलीची कोणती आवृत्ती वापरली, ते नमूद करावे. दोष प्रत्येक वेळी घडतो की क्वचित, हेही सांगावे. एका तक्रारीत एकच दोष मांडावा. 'संगणक चालत नाही' या वाक्यावरून माणसासही काही करता येत नाही आणि एजंटासही नाही. उलट, "ऱ हे अक्षर इनस्क्रिप्टवर टंकलिखित केल्यास नाव सापडते, दुसऱ्या कळफलकावर केल्यास सापडत नाही," हे एक वाक्य अर्धी दुरुस्ती करून देते.

शिक्षकांना या कामी विशेष वाव आहे. घडलेली घटना क्रमाने, नेमक्या शब्दांत आणि स्वतःचे अनुमान न मिसळता लिहिणे, हा मराठीच्या तासास शोभेल असा लेखनाभ्यास आहे. ज्या विद्यार्थ्यास तो साधेल, त्यास पुढे यंत्राकडून काम करवून घेणेही साधेल. अधिकाऱ्यांनी आपल्या कार्यालयात वारंवार येणाऱ्या अडचणींची एक साधी नोंदवही ठेवली, तर विखुरलेल्या तक्रारींतून एकच दोष ओळखता येईल. पंचायत सदस्यांनी दुरुस्तीनंतर संबंधित माणसाची नोंद खरोखर दिसू लागली की नाही, याची खातरजमा करावी. कारण अंतिम चाचणी संगणकावर नव्हे, तर सेवा केंद्राच्या खिडकीशी होते.

एजंटामुळे दुरुस्तीचा मसुदा स्वस्त आणि जलद झाला आहे. लहान प्रकल्पांना व मराठीसारख्या भाषांना ही मोठी संधी आहे. कारण मनुष्यबळाअभावी वर्षानुवर्षे पडून राहणाऱ्या बारीकसारीक तक्रारींकडे आता लक्ष देता येईल. मात्र मसुदा जितका सुलभ झाला, तितके त्याच्या दोन्ही टोकांचे मोल वाढले आहे. एका टोकास नेमकी तक्रार आहे, दुसऱ्या टोकास दक्ष प्रमाणन. ही दोन्ही कामे मराठी जाणणाऱ्या माणसांचीच आहेत. 'वऱ्हाड' आणि 'वर्हाड' यांतील फरक ज्याच्या नजरेस खुपतो, त्याने तो लिहून कळविला पाहिजे; तेवढ्यानेही त्या नावाच्या पुढच्या माणसाचा हेलपाटा वाचू शकेल.